मोटरहोमने वजनकाट्यावर थांबायचं का?

अमेरिकेतल्या आंतरराज्य महामार्गावर बराच वेळ गाडी चालवली की उजव्या हाताला एक पाटी लागतेच: पुढे वजनकाटा आहे, सर्व ट्रकांनी आत वळावं. कारवाला ती न वाचताच पुढे जातो. ट्रकवाल्याला विचार करावा लागत नाही, तो आत वळतो. पंचाईत होते ती मोटरहोम चालवणाऱ्याची. त्याची गाडी चाळीस फूट लांब, मागे दुहेरी चाकं, डिझेल इंजिन, एअर ब्रेक, शिवाय मागे ओढत आणलेली छोटी कार. लांबून पाहणाऱ्याला ती ट्रकसारखीच दिसावी. आत मात्र पलंग, शेगडी, न्हाणीघर आणि सुट्टीवर निघालेलं कुटुंब असतं. वळायचं की सरळ जायचं, हे ठरवायला त्याच्या हातात काही क्षणच असतात.

उत्तर आधी सांगून टाकतो. स्वतःच्या किंवा भाड्याच्या मोटरहोममधून सहलीला, खासगी कामाला निघालेल्या माणसाला बहुतेक राज्यांत काट्यावर थांबावं लागत नाही. पण हे उत्तर कुठल्याही एका कायद्यात लिहिलेलं नाही. संघराज्याचे नियम, पन्नास राज्यांचे वाहतूक कायदे आणि सर्वोच्च न्यायालयाचे काही निकाल एकत्र वाचल्यावर ते हाती येतं. त्यात काही अपवाद असे आहेत की ते माहीत नसले तर दंड बसू शकतो. थांबण्याची सक्ती नाही हे मला योग्य वाटतं. मात्र या सवलतीमुळे ‘वजन ही ट्रकवाल्यांची भानगड, आपली नव्हे’ अशी समजूत मोटरहोमवाल्यांमध्ये रुजली आहे, आणि ती घातक आहे.

काटे मुळात रस्ता वाचवण्यासाठी आले. ट्रकांच्या वजनावर मर्यादा घालणारे अमेरिकेतले पहिले कायदे राज्यांनी १९१३ साली केले. मेन राज्याने १८ हजार पौंडांची मर्यादा ठरवली, मॅसॅच्युसेट्सने २८ हजारांची. पुढे १९५६ मध्ये आंतरराज्य महामार्गांचं जाळं विणायला घेतलं तेव्हा संघराज्याने स्वतःची मर्यादा आणली: एकूण वजन ७३,२८० पौंड, एका ॲक्सलवर, म्हणजे चाकांच्या एका आसावर, १८ हजार, जोड ॲक्सलवर ३२ हजार. १९७४ मध्ये ती वाढून ८० हजार, २० हजार आणि ३४ हजार झाली. आपल्या मापात सांगायचं तर एकूण वजन साधारण ३६.३ टन आणि एका ॲक्सलवर नऊ टनांच्या थोडं वर. त्याच वेळी पुलांसाठी एक सूत्र आलं. तेवढंच वजन आखूड गाडीवर असेल तर पुलाच्या एका गाळ्यावर ते एकवटतं, म्हणून ॲक्सलांची संख्या आणि त्यांमधलं अंतर पाहून वजन ठरवायचं, असा त्या सूत्राचा मथितार्थ.

ॲक्सलवर एवढा भर का, याचं उत्तर इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ मिळालं. तिथे १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं चाचणीसाठी मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर लष्कराचे चालक वेगवेगळ्या भाराचे ट्रक सतत फिरवत होते. त्या रस्त्यांवरून अकरा लाखांहून जास्त वेळा ॲक्सल गेले. त्यातून निघालेला ढोबळ नियम रस्ते बांधणारे अभियंते आजही वापरतात: ॲक्सलवरचा भार वाढला की रस्त्याची झीज त्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर झीज सोळापट. दोन हजार पौंडांच्या कारच्या ॲक्सलच्या तुलनेत वीस हजार पौंडांचा ॲक्सल रस्त्याला सुमारे दहा हजारपट झिजवतो.

हे लक्षात घेतलं की मोटरहोमला दिलेली सूट थोडी खटकायला हवी. मोठ्या डिझेल मोटरहोमच्या मागच्या ॲक्सलवर वीस हजार पौंडांच्या आसपास भार असतो. त्याखालच्या डांबराला ॲक्सलवर कांद्याची पोती आहेत की ग्रॅनाइटचा ओटा, याने काहीच फरक पडत नाही. तरीही कायदा ट्रकला थांबवतो आणि मोटरहोमला जाऊ देतो, कारण त्याने वजनाऐवजी वापराकडे पाहायचं ठरवलं आहे. ट्रक तोच भार घेऊन वर्षभर त्याच रस्त्यावरून धावतो. जास्त माल भरला तर जास्त भाडं मिळतं, म्हणून मर्यादा ओलांडण्याचा मोहही त्याला असतो. मोटरहोम वर्षातले बरेच दिवस अंगणात उभी असते आणि तिच्यात जास्त सामान भरून कुणाच्या खिशात एक डॉलरही जास्त पडत नाही. काटा ज्या गैरवापरासाठी बसवला, तो इथे होत नाही. मला हा तर्क पटतो.

संघराज्याच्या नियमांची भाषाही अशीच आहे. आंतरराज्य वाहतुकीच्या सुरक्षा नियमांत १०,००१ पौंड म्हणजे साधारण साडेचार टन किंवा त्याहून जड गाडी ‘व्यावसायिक मोटार वाहन’ ठरू शकते. मात्र त्यासाठी ती व्यापारासाठी वापरात असावी लागते. व्यावसायिक चालक परवान्याची रेघ २६,००१ पौंडांवर आहे आणि तिथेही अट तीच. त्यामुळे पंचेचाळीस फुटी, पन्नास हजार पौंडांची मोटरहोम घेऊन निघालेल्या निवृत्त शिक्षकाला व्यावसायिक परवाना लागत नाही, आणि त्याच्या निम्म्या वजनाचा मालट्रक चालवणाऱ्याला तपासणीच्या सगळ्या नियमांना तोंड द्यावं लागतं. राज्याराज्यांतला इंधनकर आणि नोंदणी शुल्क वाटून घेण्यासाठी झालेल्या करारांतही केवळ वैयक्तिक प्रवासासाठी वापरलेल्या आरव्हीला, म्हणजे मोटरहोमसारख्या राहण्याजोग्या गाड्यांना, स्पष्टपणे वगळलं आहे. म्हणजे काट्यावर ज्या कागदांची विचारणा होते, त्यांतले बरेचसे मोटरहोमवाल्याकडे असण्याचं कारणच नाही.

काही राज्यं मोठ्या मोटरहोमसाठी वेगळा, बिगरव्यावसायिक परवाना मागतात. न्यू यॉर्कमध्ये २६ हजार पौंडांवरच्या आरव्हीसाठी परवान्यावर खास नोंद लागते. कॅलिफोर्नियात चाळीस फुटांपेक्षा लांब, पंचेचाळीस फुटांपर्यंतच्या गाडीसाठी बिगरव्यावसायिक ‘बी’ वर्गाचा परवाना लागतो. टेक्सासमध्येही जड आरव्हीला वरच्या वर्गाचा साधा परवाना आहे. अनेकांचा इथे घोळ होतो. वरच्या वर्गाचा परवाना घेतला म्हणजे आपण आता ‘ट्रकवाले’ झालो, असं त्यांना वाटतं. तसं नाही. परवाना गाडी हाकता येते की नाही एवढंच सांगतो, काट्यावर जाण्याचं बंधन त्यातून येत नाही.

ते बंधन राज्याच्या वाहतूक कायद्यातून येतं, आणि त्याची शब्दरचना नीट वाचावी लागते. कॅलिफोर्नियाचा कायदा सगळ्यांत स्वच्छ आहे. पाटी असेल तिथे व्यावसायिक वाहनाच्या चालकाने थांबून तपासणी करून घ्यावी, असं एक कलम सांगतं. दुसरं कलम व्यावसायिक वाहन कशाला म्हणायचं ते ठरवताना प्रवासी गाड्या आणि ‘हाउस कार’, म्हणजेच मोटरहोम, भाड्याने किंवा मोबदल्यासाठी माणसं नेत नसतील तर त्या व्यावसायिक नव्हेत, असं थेट लिहितं. दोन्ही कलमं शेजारी ठेवली की शंकेला जागा उरत नाही. मिशिगनच्या कायद्यात काटा चुकवणं हा गुन्हा आहे, पण तो व्यावसायिक वाहनं, ट्रक, ट्रॅक्टर आणि तशा जोडगाड्यांच्या चालकांसाठी.

टेक्सासचा सूर वेगळा. तिथे वजन अंमलबजावणी अधिकाऱ्याला गाडीचं वजन बेकायदा असल्याचा सकारण संशय आला तर तो गाडी थांबवून तोलायला लावू शकतो. पेनसिल्व्हेनियात पोलिसांना कुठल्याही वाहनाला थांबवून मोजमाप आणि वजन करायला सांगण्याचा अधिकार आहे. सहलीच्या मार्गदर्शक पुस्तिकांमधल्या राज्यवार तक्त्यांत गडबड होते ती अशा राज्यांबाबत. अधिकाऱ्याने सांगितल्यास थांबावं लागेल आणि पाटी दिसताच आपणहून वळावं लागेल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात अधिकाऱ्याला मिळालेला अधिकार आहे, दुसऱ्यात चालकावर टाकलेलं कर्तव्य. तक्त्यात मात्र दोन्हींसाठी एकच रकाना असतो आणि वाचणारा गोंधळतो. राज्य नवीन असेल तर त्या राज्याच्या वाहतूक खात्याकडून निघण्यापूर्वीच खात्री करून घेणं, हा उपाय तक्त्यांपेक्षा कितीतरी भरवशाचा.

रस्त्यावर प्रत्यक्षात कसं वागायचं? पाटीवर ‘ट्रक’ किंवा ‘व्यावसायिक वाहनं’ असं लिहिलेलं असेल तर खासगी मोटरहोमने सरळ जावं. ‘सर्व वाहनं’ असं लिहिलेलं असेल, किंवा अधिकारी हाताने, दिव्याने आत बोलावत असेल, तर वळावं आणि वाद घालू नये. चुकून आत शिरलात तरी बिघडत नाही, नाक्यावरचे कर्मचारी बहुधा खिडकीतूनच पुढे जायची खूण करतात. मात्र रांगेत शिरल्यावर घाबरून मधूनच बाहेर पडायचा प्रयत्न करू नये. मागे ऐंशी हजार पौंडांचे ट्रक उभे असतात आणि त्यांना चटकन थांबता येत नाही.

आता या विषयातला मला सगळ्यांत रंजक वाटणारा भाग. मोटरहोम हे वाहन की घर? अमेरिकेच्या राज्यघटनेतली चौथी दुरुस्ती नागरिकाला अवाजवी झडतीपासून संरक्षण देते आणि घराच्या बाबतीत ते संरक्षण सर्वांत भक्कम असतं. १९७९ मध्ये ‘डेलावेअर विरुद्ध प्राउस’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की काही संशय नसताना, केवळ परवाना पाहण्यासाठी, पोलिसांनी मनाला येईल ती गाडी अडवू नये. हा निकाल नागरिकाच्या बाजूचा. पण त्याच निकालाच्या एका तळटीपेत न्यायालयाने स्पष्ट केलं की रस्त्यालगतचे ट्रकांचे वजनकाटे आणि तपासणी नाके यांच्या वैधतेबद्दल आम्ही शंका घेत नाही. नाक्यावर काय चालतं हे सगळ्यांना दिसत असतं आणि तिथे कुणाला थांबवायचं हे एकट्या शिपायाच्या लहरीवर नसतं, हा त्यामागचा विचार. ट्रकच्या धंद्यावर मुळातच कडक सरकारी देखरेख आहे आणि त्यात उतरणाऱ्याने ती मान्य केलेली असते, या भूमिकेलाही पुढच्या निकालांतून बळ मिळालं. सहलीला निघालेल्या माणसाने अशी कुठलीच देखरेख पत्करलेली नसते. त्याला काट्यावर ओढायचं तर राज्याला वेगळं कारण द्यावं लागेल. कायदे करणाऱ्यांनी आपण होऊन मोटरहोम वगळली, त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं.

पण यावरून मोटरहोमला घराचं पूर्ण संरक्षण आहे असं कुणी समजू नये. १९८५ च्या ‘कॅलिफोर्निया विरुद्ध कार्नी’ खटल्यात नेमका हाच प्रश्न होता. सॅन डिएगो शहरात एका मोकळ्या वाहनतळावर मोटरहोम उभी होती. आत अमली पदार्थांचा व्यवहार चालतो असा पोलिसांना संशय होता. ते वॉरंट न घेता आत शिरले आणि माल सापडला. त्याआधी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने आरोपीच्या बाजूने कौल दिला होता. संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो फिरवला. सरन्यायाधीश बर्गर यांचं म्हणणं असं की गाडी रस्त्यावर चालण्याजोगी आहे, किल्ली फिरवली की निघून जाऊ शकते, आणि जिथे लोक राहत नाहीत अशा जागी उभी आहे, तेव्हा तिला वाहनाचेच नियम लागू. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी दोन सहकाऱ्यांसह विरोधी मत लिहिलं. माणूस जिथे झोपतो, खातो, पडदे ओढून घेतो तिथे घराची अपेक्षा धरणं गैर नाही, असा त्यांचा सूर होता. वीट-दगडांवर चढवलेल्या, पाणी-विजेला जोडलेल्या मोटरहोमचं काय, हा प्रश्न न्यायालयाने मुद्दाम मोकळा ठेवला. व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. महामार्गावर धावणारी मोटरहोम कायद्याच्या नजरेत वाहन आहे, आणि पोलिसांकडे ठोस कारण असेल तर ‘हे माझं घर आहे’ म्हणून तपासणी टाळता येणार नाही. वजनाच्या संशयालाही हेच लागू.

सूट कुठे संपते तेही पाहायला हवं, कारण दंड भरणारे बहुधा इथेच सापडतात. इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावात आणि आसपास अमेरिकेतल्या आरव्हींचा फार मोठा हिस्सा तयार होतो. कारखान्यातून निघालेली नवी मोटरहोम विक्रेत्याकडे पोचवणारा चालक तीच गाडी चालवतो, पण तो भाड्याने काम करत असतो. त्याची फेरी व्यापारी आहे. गाडीत कुणी झोपलं नसेल, शेगडी एकदाही पेटली नसेल, तरी काट्याचा नियम त्याला लागू होतो. व्यावसायिक परवान्याचा जाच कमी व्हावा म्हणून या उद्योगाच्या संघटनेने खटपट केली आणि २०१५ मध्ये संघराज्याच्या नियामकांनी २६ हजार पौंडांपर्यंत प्रत्यक्ष वजन असलेल्या नव्या गाड्या पोचवणाऱ्यांना सवलत दिली. ती परवान्यापुरती होती.

दुसरा गट जत्रा-प्रदर्शनांतून माल विकणाऱ्यांचा. गाडी मोटरहोम, पण मागच्या ट्रेलरमध्ये विकायचे दागिने, चित्रं किंवा खाद्यपदार्थांची सामग्री. हा धंदाच झाला. तिसरा गट शर्यतीच्या गाड्या आणि घोडे ट्रेलरमधून नेणाऱ्या हौशी लोकांचा. इथे नियामकांनी बराच बारकाईने विचार केला आहे. खर्च धंद्याचा म्हणून करातून वजा केला नसेल, बक्षिसाची रक्कम साधं उत्पन्न म्हणून दाखवली असेल आणि कंपनीचं प्रायोजकत्व घेतलं नसेल, तर ती वाहतूक वैयक्तिक. ट्रेलरवर प्रायोजकाचं भलंमोठं चिन्ह रंगवलं की प्रकरण बदलतं. नाक्यावरच्या अधिकाऱ्याला आधी ते चिन्हच दिसतं.

भाड्याच्या गाड्यांबद्दल आपल्याकडच्या लोकांचा प्रश्न हमखास असतो, कारण अमेरिकेत राहणारी कितीतरी मराठी कुटुंबं भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यनला भाड्याच्या आरव्हीने जातात. गाडी भाड्याने घेतली म्हणून ती व्यावसायिक होत नाही. भाड्याने माणसं किंवा माल नेला तरच ती व्यावसायिक होते. कुटुंबाची सहल यात बसत नाही. घर बदलताना भाड्याने घेतलेला सामानाचा ट्रक मात्र वेगळा. काही राज्यांत वजनावर बोट ठेवून सगळ्याच ट्रकांना बोलावतात, मग आत आपलीच कपाटं आणि गाद्या का असेनात. आरव्ही आणि सामानाचा ट्रक हे दोन्ही कुटुंबासाठीच असले तरी एकाच मापाने मोजू नयेत.

आणखी एक नाका वजनकाट्यात मिसळून घोटाळा करतो: शेतमाल तपासणीचा. कॅलिफोर्नियाच्या सीमेवर राज्याच्या कृषी खात्याचे सोळा नाके आहेत. ट्रकी, नीडल्स, ब्लाइद ही त्यांतली ओळखीची ठिकाणं. तिथे कार असो, मोटरहोम असो, प्रत्येकाने थांबायचं. फळमाशीसारखी कीड राज्यात येऊ नये यासाठी ही व्यवस्था आहे, आणि मोटरहोमच्या फ्रिजमध्ये फळांचा साठा असतो हे तिथल्या लोकांना चांगलं ठाऊक आहे. संत्री आणि आंबे कुठून घेतले ते विचारतात, नियमात बसत नसतील तर काढून घेतात. फ्लोरिडात उलट. तिथेही शेतमालाचे नाके आहेत आणि ट्रेलर ओढणाऱ्या पुष्कळ गाड्यांना थांबावं लागतं, पण कायद्याने मोटरहोम, ट्रॅव्हल ट्रेलर आणि कॅम्पिंग ट्रेलर यांना नावानिशी वगळलं आहे. एकाच देशातल्या फळं पिकवणाऱ्या दोन राज्यांनी एकाच गाडीबद्दल उलट निर्णय घेतला आहे. एका राज्याच्या अनुभवावर दुसऱ्या राज्यात विसंबू नये, ते याचसाठी.

थांबण्याचा प्रश्न इथे संपला. वजनाचा प्रश्न उरतो, आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. काट्यावर थांबण्यातून सूट आहे, वजनाच्या मर्यादेतून नाही. महामार्गावर एका ॲक्सलवरच्या भाराला कायद्याची मर्यादा मोटरहोमलाही आहे. शिवाय गाडीच्या कारखान्याने ठरवलेली मर्यादा असते. ती पाळणं टायर, ब्रेक आणि आतल्या माणसांसाठी त्याहून महत्त्वाचं. फोर्डच्या ई-४५० चासीवर बांधलेल्या, भाड्याने सर्रास मिळणाऱ्या मोटरहोमची कमाल मर्यादा १४,५०० पौंड असते. त्यातला बराच भाग गाडीवर बांधलेलं घरच खाऊन टाकतं.

२००८ पासून बनलेल्या प्रत्येक मोटरहोमच्या आत एक पट्टी चिकटवलेली असते. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त वजन होता कामा नये, आणि पाण्याची टाकी पूर्ण भरली तर एवढं वजन त्यातच धरावं, असं तिच्यावर छापलेलं असतं. बहुतेक लोक ती एकदाही वाचत नाहीत. एक हिशेब करून पाहू. समजा पट्टीवर २,००० पौंड लिहिलं आहे. पाणी गॅलनला ८.३ पौंड भरतं, म्हणजे ऐंशी गॅलनची टाकी भरली की ६६४ पौंड तिथेच गेले. सरासरी दीडशे पौंडांची चार माणसं बसली, ६०० गेले. उरले ७३६. त्यात कपडे, भांडी, कुकर, तांदूळ-डाळ, दुकानातून आणलेलं बाटल्यांचं पाणी, घडीच्या खुर्च्या, हत्यारांची पेटी, मुलांच्या सायकली, आणि मालकाने नंतर हौसेने बसवलेल्या जादा बॅटऱ्या. प्रत्येक वस्तू हातात घेतली तर हलकी लागते. मर्यादा कधी ओलांडली ते कळत नाही, कारण गाडी नेहमीसारखीच सुरू होते आणि नेहमीसारखीच वळते. त्रास दिसतो तो उन्हाळ्यात, नेवाडा किंवा ॲरिझोनाच्या तापलेल्या रस्त्यावर, ताशी पासष्ट-सत्तर मैलांच्या वेगात, जास्त भाराने तापलेला टायर फुटतो तेव्हा. पुढचा टायर फुटला तर गाडी हाताळणं फार अवघड जातं.

म्हणून प्रत्येक मोटरहोमवाल्याने स्वतःहून गाडी काटा करावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. त्यासाठी सरकारी नाका लागत नाही. ट्रकवाले जिथे जेवतात, डिझेल भरतात त्या बहुतेक मोठ्या ट्रक स्टॉपवर खासगी काटे असतात. आयोवा राज्यातल्या वॉलकॉट गावात १९७७ मध्ये सुरू झालेल्या ‘कॅट स्केल’चे काटे सगळीकडे आढळतात. ही कंपनी आपल्या वजनाची हमी देते. काट्यावरची चिठ्ठी कायद्यात बसत असूनही पुढे नाक्यावर दंड झाला तर ती दंड भरते किंवा न्यायालयात उभी राहते. पद्धत सोपी आहे. लोखंडी-काँक्रीटचे तीन-चार स्वतंत्र तक्ते एकामागोमाग एक असतात. पुढचा ॲक्सल पहिल्या तक्त्यावर, मागचा दुसऱ्यावर, ओढलेली कार तिसऱ्यावर येईल अशी गाडी उभी करायची. खांबावरचं बटण ट्रकच्या खिडकीच्या उंचीवर असतं, त्यामुळे पुष्कळ मोटरहोमवाल्यांना खाली उतरून दाबावं लागतं. आतून बाई किंवा बुवा विचारतात, पहिल्यांदा वजन करताय का, कंपनीचं नाव काय. ‘खासगी’ म्हणून सांगायचं. मग गाडी बाजूला लावून आत जायचं आणि चिठ्ठी घ्यायची. तिच्यावर प्रत्येक ॲक्सलचं वजन आणि बेरीज छापलेली असते. थोडक्या पैशांत काम होतं. जायचं मात्र सहलीला निघताना जसं सामान, पाणी आणि माणसं असतील तशाच अवस्थेत, रिकाम्या गाडीने नव्हे.

ॲक्सलची बेरीज बरोबर आली तरी गाडी एका बाजूला जड असू शकते. स्वयंपाकघर, फ्रिज आणि बाहेर सरकणारी खोली बऱ्याचदा एकाच बाजूला असते. तेव्हा डावं चाक मर्यादेत आणि उजवं बाहेर, असं होतं. यासाठी चाकाचाकाचं वेगळं वजन करावं लागतं. ‘एस्केपीज’ नावाची आरव्हीवाल्यांची जुनी संघटना टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन इथल्या तिच्या मुख्य ठिकाणी अशी सोय देते. चाकाचं वजन हाती आलं की टायर बनवणाऱ्याच्या तक्त्यात त्या भाराला लागणारा हवेचा दाब पाहायचा, आणि त्या ॲक्सलवरच्या सगळ्यांत जड चाकाला जो लागतो तो दाब त्या ॲक्सलवरच्या सगळ्या टायरांत ठेवायचा. टायरच्या कडेवर कोरलेला आकडा पाहून हवा भरणारे बरेच जण हा हिशेब करतच नाहीत.

सरकारने मोटरहोमला काट्यावर बोलवावं का? सक्तीला माझा विरोध आहे. नाक्यांवरची जागा आणि माणसं ट्रकांनाच पुरत नाहीत. म्हणूनच कागदपत्रं चोख असलेल्या ट्रककंपन्यांना न थांबता पुढे सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणा उभ्या राहिल्या आणि रस्त्यात गाडलेले, गाडी चालू असतानाच वजन टिपणारे काटे आले. त्या रांगेत सुट्टीवरची कुटुंबं उभी केली तर दोघांचाही वेळ जाईल. पण सोय करून द्यायला काय हरकत आहे? ओरेगॉन राज्यात नाका बंद असला तरी काटा चालू ठेवतात. कुणीही यावं, फलकावर आकडा पाहावा आणि जावं. आणि विक्रेत्याने गाडी ताब्यात देताना, मालकाने निवडलेल्या सगळ्या जादा वस्तू बसवल्यानंतर, पाणी भरून ती काट्यावर नेली आणि चिठ्ठी हातात दिली, तर पट्टीवरचा आकडा पहिल्याच दिवशी खरा होईल. यात कुणाच्या हक्कावर गदा येत नाही.

महाराष्ट्रातही हा विषय आता अगदीच परका राहिलेला नाही. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, आणि घरासारख्या सजवलेल्या गाड्या कोकणात, महाबळेश्वरकडे दिसू लागल्या. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११३ नुसार नोंदणी प्रमाणपत्रावरच्या वजनापेक्षा जास्त भरलेलं कुठलंही वाहन चालवायला मनाई आहे. पण गाडी काट्यावर न्यायला सांगण्याचा अधिकार देणारं कलम ११४ मालवाहू वाहन आणि ट्रेलर यांच्याबद्दलच बोलतं. मर्यादा सगळ्यांना आणि तोलणं फक्त मालवाहू वाहनाचं, ही अमेरिकेतली फट इथेही जशीच्या तशी आहे. आपल्याकडे बसच्या किंवा टेम्पोच्या चासीवर पाण्याच्या टाक्या, जनरेटर, एसी आणि लाकडी कपाटं चढवून कॅराव्हॅन बांधली जाते. घाटात उतरताना त्या वजनाचा सगळा ताण ब्रेकवर येतो. अशा गाड्या अजून थोड्या आहेत, तोवरच आरटीओने पासिंगच्या वेळी त्या पाण्यासकट, सामानासकट काट्यावर घालून ते वजन नोंदीत लिहायला सुरुवात करावी.